फेल्टच्या ग्रो बॅगा, चौदा झाडं आणि एक हिवाळा

वस्तू हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच तारे देऊन मोकळं होणाऱ्यांतली मी नाही. या पिशव्यांबद्दल तर हिवाळा जाईपर्यंत बोलण्यात अर्थच नव्हता. आता दहा महिने झालेत, बर्फ वितळून गेलाय, जे उगवायचं ते उगवलंय आणि जे गेलं ते गेलंय. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

वस्तू काय, ते आधी सांगते. काळ्या, जाड, न विणलेल्या फेल्टच्या ग्रो बॅगा, म्हणजे कुंडीऐवजी झाडं लावायच्या कापडी पिशव्या. दोन मापं घेतली: १५ लिटरच्या दहा आणि ३० लिटरच्या पाच. लहान पिशवी साधारण २८ सेंटीमीटर व्यासाची आणि वीतभरापेक्षा थोडी जास्त उंच. मोठीचा व्यास ३५ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना शिवलेल्या पट्ट्यांचे बंद, आणि पुढे एक चिमुकला खिसा, त्यात झाडाच्या नावाची चिठ्ठी घालायची. या खिशाचं पुराण पुढे येईलच.

घेतल्या का, तर घर बदलायचं होतं. जुन्या घरामागे चौदा वर्षं जमवलेली बाग होती. त्यातलं जवळजवळ सगळं बहुवर्षायू, म्हणजे थंडीत वरून मरून जाणारं आणि वसंतात त्याच गड्ड्यातून पुन्हा फुटणारं. अशी झाडं सोडून जाणं मला जमणार नव्हतं. घर घेणाऱ्यांशी आधीच बोलून चौदा झाडांची यादी करारात लिहून घेतली. ज्यांचं घर विकायचंय त्यांनी हे आवर्जून करा. जमिनीत रुजलेलं झाड घराबरोबरच गेलं असं बऱ्याच ठिकाणी धरतात, आणि किल्ल्या दिल्यावर फावडं घेऊन परत जाणं शोभत नाही. यादीत होत्या दोन पिओनी, तीन होस्टा, तीन आयरिस, दोन डे-लिली, दोन फ्लॉक्स (एक पांढरा, एक गडद किरमिजी), एक ह्यूकेरा आणि एक सेडम. अशी तेरा झाली ना? मोजा, चौदाच आहेत. मीही दर वेळी चुकायचे.

ज्यांची मुळं सोट्यासारखी सरळ खोल जातात त्यांच्या वाटेला गेले नाही. बाप्टिशिया तर माझ्याहून हट्टी, त्याच्या फक्त शेंगा खिशात टाकून आणल्या. ओरिएंटल पॉपीही सोडली. तिचं बोटभर मूळ जमिनीत राहिलं तरी त्यातून नवं झाड येतं, त्यामुळे ती नेली असती तरी मागे राहिलीच असती.

जमीन गोठायच्या निदान चार ते सहा आठवडे आधी झाड नव्या जागी लागलेलं असावं, हा या कामातला खरा नियम. वरची पानं झडली तरी माती थोडी उबदार असेतोवर मुळं खाली आपलं काम करत असतात. तेवढ्या दिवसांत त्यांनी नव्या मातीला धरलं की हिवाळा निघतो. माझा हिशेब असा होता: सात आठवडे आधी उपटायचं, दहा दिवस पिशवीत ठेवायचं आणि नव्या घरी लावून मोकळं व्हायचं. पण नव्या घराच्या किल्ल्या मिळायला पाच आठवडे उशीर झाला. म्हणजे दहा दिवसांच्या पाहुणचारासाठी आणलेल्या पिशव्यांत झाडांनी साडेसहा आठवडे काढले. ते आठवडे गेले तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटच्या गच्चीत. पिशव्यांची परीक्षा झाली ती त्यामुळे.

आधी खोदायच्या दिवसाबद्दल. आदल्या संध्याकाळी सगळ्या वाफ्याला भरपूर पाणी दिलं. सकाळपर्यंत छान वाफसा आला होता, माती मुठीत दाबली की गोळा व्हायची आणि बोटाने टोचली की फुटायची. दिवस ढगाळ निवडला होता. फ्लॉक्सच्या काड्या वीतभर ठेवून कापल्या, डे-लिलीची पानंही तेवढीच ठेवली, आयरिसची पानं पंख्यासारखी तिरकी छाटली. फावड्याऐवजी चार दात्यांचा बागकामाचा काटा वापरला. फावडं मुळं कापतं, काटा उचलतो.

पिओनीला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिची मुळं जाड आणि खडूसारखी ठिसूळ. चारही बाजूंनी हातभर अंतरावरून काटा घालत, हलवत, पुन्हा घालत गेले, तेव्हा कुठे अर्ध्या तासाने हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, सुटली. वर आली तेव्हा मातीतून पुढच्या वर्षीचे डोळे दिसले, गुलाबी, करंगळीच्या टोकाएवढे, अकरा. नवरा म्हणाला, "हे एवढ्यासाठी?" मी काही बोलले नाही. चौदा वर्षांपूर्वी शेजारच्या आजींनी आपल्या बागेतून तुकडा कापून दिला होता, तेव्हा त्याला तीन डोळे होते.

इथे पिशवी जिंकली. प्लॅस्टिकच्या कुंडीत वेडीवाकडी हुंडी बसवायची तर एक तर मुळं मोडा नाहीतर दुप्पट मापाची कुंडी घ्या. फेल्ट मऊ असल्यामुळे हुंडीचा आकार धरतं. पिशवीची कड खाली दुमडून, बशीसारखी पसरून हुंडी मधे ठेवायची, मग कड वर ओढत बाजूने माती सोडत जायचं. मोजे घातल्यासारखं. एकही मूळ मोडलं नाही असं म्हणणार नाही, पण दोनच मोडली.

सामान नेणाऱ्या कंपनीने झाडं न्यायला सरळ नकार दिला. बहुतेक जण देतातच, त्यांच्याशी वाद घालू नये. आपल्याच गाडीतून तीन खेपा केल्या. तिथेही मऊ पिशव्यांचा फायदा झाला, एकमेकींना टेकून, दबून सीटांच्या मधल्या जागेत बसल्या. पण ओल्या फेल्टमधून पाणी झिरपतं हे मी विसरले होते. मागची सीट वाळायला आठवडा लागला आणि ओल्या मातीचा वास अजून येतो. मला आवडतो, घरात दुसऱ्या कुणाला नाही. तुम्ही खाली जाड प्लॅस्टिक किंवा ट्रे घाला.

आता बंदांची गोष्ट. पाकिटावर लिहिलं होतं, "मजबूत, दुहेरी शिलाईचे हँडल." ३० लिटरच्या पिशवीत ओली माती आणि होस्टाचा थोराड गड्डा भरल्यावर बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवली, ३४ किलो. दोघांनी एकेक बंद धरून जिना चढायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझ्या बाजूचा बंद आधी थोडा सैल वाटला, मग शिलाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टर्रकन उसवत गेली. पिशवी दोन पायऱ्या खाली आपटली आणि होस्टाचे तीन तुकडे झाले. नंतर घरी बसून उसवलेला बंद नीट पाहिला. दुहेरी शिलाई होती खरी, पण दोन्ही रेघा फेल्टच्या अगदी काठाजवळून गेलेल्या, एकमेकींपासून दोन मिलिमीटरवर. दोरा तुटलाच नव्हता. फेल्टच फाटून दोऱ्याला सोडून गेलं होतं. बंद पिशवीच्या पोटापर्यंत खाली नेऊन, चौकोन करून त्यात फुली मारून शिवला असता तर टिकला असता. आमच्या लहानपणी शिवलेल्या दप्तरांना तशी शिलाई असायची. १५ लिटरच्या पिशव्यांचे बंद मात्र सगळे टिकले. त्या भरून १८–२० किलोच्या आत राहतात.

होस्टाला त्या पडण्याचं काही वाटलं नाही. नाहीतरी तिचे भाग पाडायचेच होते. सगळ्यात मोठा तुकडा उरलेल्या लहान पिशवीत लावला, दोन तुकडे जिन्यात आवाज ऐकून बाहेर आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना दिले. त्यांच्याशी ओळख झाली ती अशी, माती झाडता झाडता.

ती ओळख पुढे उपयोगी पडली, कारण गच्चीतल्या पिशव्यांचं पाणी त्यांच्या खिडकीच्या छज्जावर ठिबकायचं. फेल्टची पिशवी सगळीकडून श्वास घेते, अशी तिची जाहिरात असते. ते खरंच आहे, पण जी श्वास घेते ती वाळतेही सगळीकडून. वाऱ्याच्या दिवशी सकाळी ओली असलेली १५ लिटरची पिशवी संध्याकाळी उचलली की चटकन हाताला हलकी लागायची. मग वरून झारीने पाणी घातलं तर ते मातीत शिरायचंच नाही. कोरड्या मातीच्या आणि फेल्टच्या मधल्या फटीतून तसंच बाहेर. दोनदा फसल्यावर मोठ्या टबात पाणी भरून पिशवी वीस मिनिटं बुडवून ठेवायला लागले, बुडबुडे थांबेपर्यंत. दर तिसऱ्या दिवशी चौदा पिशव्यांची आंघोळ! साध्या कुंडीत आठवड्यातून एकदा पाणी पुरलं असतं.

पण आयरिसना हीच गोष्ट मानवली. आयरिसचा गड्डा म्हणजे जाड आडवा कंद, त्याला पाठीवर ऊन लागतं आणि पायाखाली पाणी साचलेलं चालत नाही. तो कधी सडला तर वासावरूनच कळतं. साडेसहा आठवडे पिशवीत असून तिन्ही आयरिसचे कंद कडक राहिले, दाबून पाहिले. प्लॅस्टिकच्या कुंडीत, मधे लागलेल्या चार दिवसांच्या पावसात, एखादा तरी गेला असता.

पाचव्या आठवड्यात पिशव्यांच्या बाहेरून पांढरे ठिपके दिसायला लागले. आधी मला बुरशी वाटली. चष्मा लावून पाहिलं तर मुळांची टोकं. फेल्टमधून बाहेर डोकावलेली, हवेत येऊन थांबलेली. मूळ हवेला लागलं की तिथे थांबतं आणि मागे नवे फाटे काढतं, कुंडीतल्यासारखं गोल गोल फिरत बसत नाही. हा या पिशव्यांचा खरा गुण. पण यामुळेच शेवटी पिशवी काढताना पंचाईत होते. मुळं फेल्टच्या धाग्यांत शिरलेली असतात. मी पहिली डे-लिली ओढून काढली, फेल्टला बारीक मुळांची दाढी चिकटून आली आणि ते बघून वाईट वाटलं. नंतरच्या पिशव्या सरळ पत्तीने उभ्या कापल्या आणि सालीसारख्या सोलल्या. म्हणजे परत परत वापरता येतात हा दावा एवढे आठवडे ठेवल्यावर खरा राहत नाही. बाजूला वेल्क्रो असलेल्याही मिळतात, उघडून झाड अलगद काढता येतं म्हणे. मैत्रिणीकडच्या पाहिल्यात. पहिल्याच मोसमात वेल्क्रोत माती भरून तो चिकटेनासा झाला.

किल्ल्या मिळाल्या तेव्हा हाताशी जेमतेम आठवडा होता. सकाळी गवतावरचं दव गोठलेलं दिसायला लागलं होतं. नव्या घराची माती म्हणजे चिकणमातीत विटांचे तुकडे. पहिल्या दोन दिवसांत आठ खड्डे झाले, मग माझी कंबर धरली. दोन्ही पिओनी, तिन्ही होस्टा, दोन डे-लिली आणि सेडम जमिनीत गेले. पिओनी लावताना खड्ड्यावर आडवी काठी ठेवून डोळे किती खाली जातात ते मोजलं. पाच सेंटीमीटरपेक्षा खोल गेले तर पानं येतात आणि फूल वर्षानुवर्षं येत नाही. पिशवीतली माती साडेसहा आठवड्यांत चांगलीच खाली बसली होती, त्यामुळे पिशवीतल्या खुणेवर विसंबले असते तर चुकलेच असते. पाणी दिलं, खत अजिबात नाही. थंडीच्या तोंडावर खत दिलं तर कोवळी पालवी फुटते आणि पहिल्याच गारठ्यात करपते.

उरल्या सहा पिशव्या. खड्डे करायचं बळ नव्हतं, पण जुन्या भाजीच्या वाफ्यासारखी एक मऊ जागा कुंपणाजवळ होती. तिथे चर काढून तीन पिशव्या गळ्यापर्यंत पुरल्या: एक आयरिस, ह्यूकेरा आणि पांढरा फ्लॉक्स. पांढरा मुद्दाम तिथे ठेवला, तो माझा लाडका. संध्याकाळी अंधार पडताना बागेत तोच एकटा उजळायचा आणि त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. उरलेल्या दोन आयरिस आणि किरमिजी फ्लॉक्स घराच्या भिंतीला टेकून, काँक्रीटवर, बबल रॅप गुंडाळून ठेवले. "इन्सुलेटेड फॅब्रिक" असंही पाकिटावर लिहिलेलं होतं, त्यावर थोडा विश्वास टाकला.

तो विश्वास टाकू नका. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना खालची आणि चारी बाजूंची माती सांभाळून घेते, थंडी वरून हळूहळू उतरते. उघड्यावरच्या पिशवीत ती सगळीकडून एकदम शिरते, आणि झाडाचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे मूळच. फेल्ट हे सच्छिद्र कापड आहे, ती काही गोधडी नव्हे. एका रात्री उणे चौदा झालं. सकाळी पिशवीवर टिचकी मारली तर दगडासारखा आवाज आला.

जमीन चांगली गोठल्यावर लावलेल्या आणि पुरलेल्या सगळ्यांवर चार बोटं जाड वाळक्या पानांचं आच्छादन घातलं. घाईने आधी घालायचं नसतं. उद्देश उबेचा नसून एकदा गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी हा असतो. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं चालू राहिलं की माती फुगते, बसते आणि झाडाला हळूहळू वर ढकलून देते.

वसंतात पहिली बातमी ह्यूकेराने दिली, तीही तक्रारीची. पुरलेल्या पिशवीत असूनही तिचा गड्डा दोन बोटं वर उचलला गेला होता, मुळांची कॉलर, म्हणजे मुळं आणि खोड जुळतात ती जागा, उघडी पडलेली. तिची मुळं उथळ असल्यामुळे तिला हे नेहमीच होतं. तळव्याने दाबून परत बसवली, वरून माती घातली, सावरली. पुरलेली आयरिस ठणठणीत होती. पुरलेल्या फ्लॉक्सला आठ कोंब आले. जमिनीतली आठच्या आठ झाडं उगवली, जिन्यावरून पडलेली होस्टा सगळ्यात आधी.

काँक्रीटवरची पहिली पिशवी उचलायला गेले तर उचलेना. तळ जमिनीला गोठून चिकटला होता. ओढल्यावर पिशवी वर आली आणि तळाचा फेल्ट खालीच राहिला. वितळलेलं पाणी आठवडेच्या आठवडे आत तुंबलं असणार, कारण त्या आयरिसचा कंद बोटाने दाबल्यावर आत गेला आणि तो वास आला. दुसरी आयरिस मात्र वाचली, का ते तिलाच ठाऊक. फ्लॉक्स गेला होता. मुळं तपकिरी, हातात घेतली की साल निघून यायची आणि आत तार उरायची.

तर माझं मत. खोदल्यापासून लावेपर्यंत दोन-तीन आठवडे झाडं सांभाळायची असतील, गाडीतून न्यायची असतील, तर १५ लिटरच्या पिशव्या बिनधास्त घ्या, याहून चांगली सोय मी पाहिली नाही. ३० लिटरच्या घेऊ नका. मोठा गड्डा असेल तर तो आधीच विभागून दोन लहान पिशव्यांत घाला. मोठीच घेतली असेल तर बंदाला हात लावायचा नाही, खाली गोणपाट घालून चौघांनी चार कोपरे धरायचे. पाणी द्यायला रोज घरी असणार नसाल तर साधी कुंडी बरी. आणि हिवाळा पिशवीत काढायची वेळ आलीच तर पिशवीसकट पुरा, खड्डा कसाही असो. पाचपैकी तीन तारे. बंद नीट शिवले असते तर चार दिले असते.

अर्धा तारा त्या चिठ्ठीच्या खिशासाठी कापणार होते, पण इथे अर्धे तारे देता येत नाहीत. खिसा फेल्टचाच आणि वरून उघडा. पाकिटाबरोबर आलेल्या कागदी चिठ्ठ्यांवर मी पेनाने नावं लिहिली होती. गच्चीतल्या पावसात आणि माझ्या त्या आंघोळींत शाई उतरून निळे डाग तेवढे राहिले. आयरिस, होस्टा ओळखता येतात. वीतभर कापलेले दोन फ्लॉक्स शेजारी ठेवले तर काड्यांवरून कोणता कोणता ते सांगता येत नाही, निदान मला तरी. गच्चीत कुठला कुठल्या बाजूला होता ते आठवून मी ठरवलं होतं. आता प्लॅस्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिते आणि पट्टी मातीत खोल खुपसते, ते पुसलं जात नाही.

पिओनीला यंदा फूल नाही. जागा बदलल्यावर एक-दोन वर्षं ती रुसतेच, पण सात कोंब आलेत. कुंपणाजवळच्या फ्लॉक्सला गेल्या आठवड्यात कळ्या धरल्या. परवा संध्याकाळी झारी घेऊन गेले तर पहिली कळी उमलली होती. किरमिजी.